गोव्याला निघालेल्या भाच्याला

बाबू, बारमध्ये नोकरी म्हणजे दारू फुकट, असं तुला ज्यानं सांगितलं त्यानं काउंटर फक्त बाहेरून पाहिलं आहे. आतल्या बाजूला बाटली मोजलेली असते. 750 मिलीचा खंबा म्हणजे 30 मिलीचे 25 छोटे पेग. सकाळी किती बाटल्या होत्या, रात्री किती उरल्या, फोडलेल्या बाटलीत किती बोटं शिल्लक आहेत, हे रोज रजिस्टरवर चढतं. बिलात 22 पेग निघाले आणि बाटली रिकामी असली, तर उरलेले तीन कुठे गेले हे मॅनेजर तुलाच विचारणार. बऱ्याच ठिकाणी ते पगारातून कापतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक सवय लाव. ड्यूटी हातात घेताना आदल्या माणसासमोर बाटल्या बघायच्या, आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. त्याला वाईट वाटलं तरी चालेल. हिशेब समोरासमोर झाला नाही की तूट नेहमी नव्या पोराच्या नावावर जाते.

चव घ्यावी लागते, ती वेगळी गोष्ट. नवं कॉकटेल बनवलं की स्ट्रॉ ग्लासात बुडवायची, वरचं टोक बोटानं दाबायचं आणि दोन-चार थेंब जिभेवर सोडायचे. बारमनचं पिणं तेवढंच. ती स्ट्रॉ लगेच टाकून द्यायची, पुन्हा ग्लासात घालायची नाही.

आपल्या वडशातल्या पोरांच्या डोक्यात या कामाबद्दल उलटंसुलटं भरलेलं असतं, त्यात त्यांचा दोष कमी आहे. बायकांनी गावोगाव उभं केलेलं आंदोलन आणि डॉक्टर अभय व राणी बंग यांच्यासारख्यांचा रेटा, यातून 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. तुझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे लायसन्सवाला बार तू आपल्या जिल्ह्यात पाहिलेलाच नाहीस. तू पाहिली ती दारू चोरून येणारी, नाहीतर मोहाची, नाहीतर वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीकडे जाऊन पिऊन येणाऱ्यांच्या तोंडाची. आणि उरलेली सिनेमातली. या दोन्हींमधून कोणाला धंदा शिकता येत नाही. दारूबंदी झाली तेव्हा मी नागपुरात परमिट रूममध्ये ग्लास धूत होतो, तरी मला ती चुकीची वाटली नाही, आजही वाटत नाही. आपल्या भागात पिणाऱ्याच्या घरी काय होतं ते मी काउंटरच्या आतून जास्त जवळून पाहिलं आहे.

तुझी माय म्हणते, "पोरगा दारू वाढाले चालला गा!" तिच्या डोळ्यासमोर मुंबईचे डान्स बार आहेत. 2005 मध्ये त्यांच्यावर बंदी आली, मग कितीतरी वर्षं कोर्टात भांडणं चालली, आणि टीव्हीवर ती चित्रं इतकी फिरली की बार म्हटलं की लोकांना तेच दिसतं. तिला हसू नकोस. हॉटेलचं नाव, पत्ता, मॅनेजरचा नंबर लिहून दे. राहायची खोली कोणासोबत आहे तेही सांग. आणि सांग की दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत आणि पुण्याच्या सरकारी संस्थेत हे काम वर्गात बसवून शिकवतात, परीक्षा घेतात. मायला परीक्षा म्हटलं की बरं वाटतं.

आता बाटल्या उडवण्याचं. 1988 मध्ये टॉम क्रूझचा 'कॉकटेल' आला आणि तेव्हापासून जगभरातल्या पोरांना वाटतं की बाटली हवेत फेकली की बारटेंडर झालो. ती कला आहे, मी नाही म्हणत नाही. पण एका रात्रीत शंभर-दीडशे ऑर्डरी येतात तेव्हा कोणी काही उडवत नाही. तेव्हा तुझ्या हातात पेग मेजर असतं, एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 60. त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का ते बघून घे. शिक्का नसलेलं किंवा बुडाला ठोकून खोलगटपणा घालवलेलं मेजर मालकानं हातात दिलं, तर ती नोकरी लांब टिकवायची नाही. काठोकाठ भरून ओतायचं, ग्राहकाला दिसेल असं. अंदाजानं ओतणारे पुष्कळ भेटतील, "माझा हात बसलाय" म्हणतील. त्यांचा हात रात्री नऊला बरोबर असतो आणि अकराला मालकाच्या नाहीतर गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकतो.

हलवायचं कधी आणि ढवळायचं कधी, यात लोक उगाच गूढ आणतात. लिंबूरस, फळांचा रस, साय, अंडं असं काही असेल तर शेकरमध्ये घालून जोरात हलवायचं, कारण त्याशिवाय ते एकजीव होत नाही. नुसती दारू दारूत मिसळायची असेल तर लांब चमच्यानं शांतपणे ढवळायचं. सोडा किंवा कुठलंही बुडबुड्यांचं पेय शेकरमध्ये कधी घालायचं नाही, झाकण तोंडावर येईल. सुरुवातीला एवढं पुरतं. बाकी नावं कार्डावर लिहिलेली असतात.

जे कार्डावर नसतं ते बर्फाचं. बर्फ हेच खरं काम आहे, आणि नवी पोरं त्याचीच सगळ्यात हेळसांड करतात. बर्फात हात घालायचा नाही, चिमटा किंवा स्कूप वापरायचा. ग्लासानं बर्फ तर कधीच उपसायचा नाही. गर्दीच्या वेळी मोह होतो, पण ग्लासाच्या कडेचा टवका उडाला तर बर्फात काच दिसत नाही. काउंटरवर बर्फाच्या आसपास ग्लास फुटला, तर पूर्ण पेटी रिकामी करायची, गरम पाण्यानं धुवायची, नवा बर्फ भरायचा. मॅनेजर ओरडेल की बर्फ महाग आहे. ओरडू दे. तसंच गरम धुतलेल्या ग्लासात लगेच बर्फ टाकायचा नाही, तडकतो. आणि बर्फ कुठल्या पाण्याचा येतो ते विचार. मासळी ठेवायचा बर्फ वेगळा असतो, गोव्यात तर हे विचारायलाच हवं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर जे दिसतं ते या कामाचं शेवटचं टोक असतं. त्याआधी बिअरच्या पेट्या उचलून फ्रीज भरायचे, आणि जुना माल पुढे, नवा मागे लावायचा. लिंबं कापायची, पुदिना निवडायचा, साखरेचा पाक करायचा, ग्लास पुसायचे, सांडपाण्याची जाळी साफ करायची. मग आठ-दहा तास उभं राहायचं. पेटी कमरेतून वाकून उचलू नकोस, गुडघे वाकवून उचल. बूट घेताना पैसे वाचवू नकोस, रबरी तळव्याचे, न घसरणारे घे, कारण काउंटरच्या आत फरशी कायम ओली असते. लिंबाचा रस बोटांना लागलेला असताना उन्हात गेलं तर कातडीवर काळे डाग, फोड येतात. गोव्याचं ऊन आणि दिवसाची ड्यूटी असेल तर हात साबणानं धुऊनच बाहेर पड.

"बिअर म्हणजे काही दारू नाही" हे वाक्य तू दर रात्री ऐकशील. साधं गणित पाठ कर. आपल्या देशी बनावटीच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे 30 मिलीच्या पेगात साधारण 13 मिली. स्ट्राँग बिअरमध्ये 8 टक्क्यांपर्यंत असतं. बाटली 650 मिलीची. 8 टक्क्यांनी 52 मिली. म्हणजे एक बाटली स्ट्राँग बिअर आणि चार छोटे पेग यांत फरक काही नाही. तीन बाटल्या पिऊन "मी तर फक्त बिअरच घेतली" म्हणणाऱ्यानं बारा पेग घेतलेले असतात. शरीर ते उतरवतं साधारण तासाला एका छोट्या पेगाच्या हिशेबानं. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर पाणी, यानं माणूस जागा होतो, पण रक्तातली दारू तशीच राहते. आणि मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंतच सूट आहे. पहिल्यांदा सापडला तरी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ग्राहकानं गाडीची किल्ली काउंटरवर ठेवलेली दिसली की ती उचलून लपवू नकोस, त्यावरून मारामाऱ्या होतात. मॅनेजरला खूण कर, टॅक्सी मागवायला लाव. आणि चखना आधी पाठव. रिकाम्या पोटी पिणाऱ्याला शेंगदाण्यांची बशी न मागता समोर ठेवली, तर पुढचा अर्धा त्रास टळतो.

वयाचं लाजायचं नाही. गोव्यात 21 वर्षं. उद्या नागपूर-पुण्याला आलास तर आपल्या राज्यात बिअर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25, शिवाय कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना लागतो. तो कागद कोणी विचारत नाही म्हणून नाहीसा होत नाही. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन पोरानं पॉर्शे गाडी चालवून दोन जीव घेतले, तेव्हा पोलीस त्या पोराला आधी दारू कुठे वाढली हे शोधत गेले आणि बारचे मालक-मॅनेजर पकडले. तेव्हा पोराच्या ओठावर मिसरूड फुटतंय असं वाटलं की हसत आधारकार्ड माग. मोठ्या साहेबाचा मुलगा असेल तर जास्त हसत माग.

महाराष्ट्रात काम केलंस तर आणखी एक कागद. दारू विकणाऱ्या नोकराच्या नावानं नोकरनामा लागतो. तो झालाय का, त्यावर तुझंच नाव आहे का, हे बघितल्याशिवाय काउंटरवर उभा राहू नकोस. धाड पडली की मालक घरी असतो आणि हजर असलेल्याचं नाव पंचनाम्यात येतं. नोकरनामा असो नसो, एक काम कुठल्याही पगारावर करायचं नाही. महागड्या रिकाम्या बाटलीत हलकी दारू भरणं. त्यात फसवणूक तर आहेच, पण बाहेरून आलेल्या सुट्या मालात काय आहे हे तुला कळत नाही. मिथाइल अल्कोहोल वासानं, रंगानं, चवीनं ओळखू येत नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला त्यानं शंभरावर माणसं गेली. रिकाम्या बाटल्या फोडून टाकायचा नियम असेल तर स्वतःच्या हातानं फोड, भंगारवाल्याला अख्ख्या देऊ नकोस.

सगळ्यात अवघड शब्द "आता नाही". लोकांना वाटतं बारमनचं काम मागेल त्याला देणं. खरं म्हणजे मागणाऱ्याला कधी थांबवायचं हे त्याहून मोठं काम, आणि त्यात धोका असतो. 1999 मध्ये दिल्लीत जेसिका लाल एका पार्टीत बारवर काम करत होती. बार बंद झाला म्हणून तिनं दारू द्यायला नकार दिला, आणि एका राजकारण्याच्या मुलानं तिला गोळी घातली. खालच्या कोर्टातून तो सुटला. देशभर लोक चिडले, आणि 2006 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. नकार एकट्यानं द्यायचा नाही, एवढंच लक्षात ठेव. "मी देत नाही" असं म्हणायचंच नाही. "काउंटर बंद झालंय साहेब", "मशीन बंद केलं", "मॅनेजर बोलावतो" असं म्हणायचं. आवाज खाली, हात काउंटरच्या वर दिसतील असे. डोळ्याला डोळा भिडवून उभा राहू नकोस, काहीतरी पुसत राहा. त्याचा मित्र शुद्धीत असेल तर त्याच्याशी बोल, तोच त्याला घेऊन जातो. चार मित्रांत एकतरी शुद्धीत असतो, तो कोण हे दुसऱ्या पेगालाच हेरून ठेवायचं. आणि हात उचलला गेला तर मागे सर, बाटली हातात घेऊ नकोस. बाटली हातात असलेला बारमन सीसीटीव्हीत गुन्हेगार दिसतो.

त्याआधी, कामाच्या पहिल्याच दिवशी, आत शिरण्याचं दार सोडून दुसरं दार कुठे आहे ते बघून ये. त्या दारासमोर रिकाम्या पेट्या रचल्या असतील तर त्या हलव. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या बारला आग लागली, 14 माणसं गेली. मालकाला ते दार नको असतं, कारण तिथून बिल न देता लोक पळतात. तुला मात्र ते माहीत हवं.

बारमन म्हणजे दुखऱ्या माणसाचा जिवलग, हाही एक समज सिनेमातून आला आहे. लोक बोलतात हे खरं. बायकोचं, भावाच्या वाटणीचं, साहेबाचं. तू आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातला प्रॉम्प्टर पाहिला आहेस ना, रात्रभर पुढे खाली बसून सगळ्यांची वाक्यं त्यालाच माहीत असतात, पण तो रंगमंचावर येत नाही. तेवढंच तुझं काम. ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आणि एकाचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. काल रात्री जो ढसाढसा रडला तो आज बायको-पोरांसह जेवायला आला, तर त्याला पहिल्यांदाच भेटतोयस असं वाग. "नेहमीचं देऊ का साहेब?" हे तर बायकोसमोर कधी विचारायचं नाही. एवढ्या एका प्रश्नानं घरं पेटतात.

एकटी बाई बारवर बसली असेल तर तिच्या ग्लासाकडे तुझं लक्ष असू दे. ती उठून गेली की ग्लासावर कोस्टर झाक, परत आल्यावर तिला नको वाटला तर नवा दे. शेजारच्यानं तिच्यासाठी पेय मागवलं तर आधी तिला विचार. आणि तुझी बहीण उद्या म्हणाली की मलाही हे काम शिकायचं, तर तोंड वाकडं करू नकोस. मुंबईत शातभी बासू 1980 च्या दशकापासून या धंद्यात आहेत, देशातली पहिली बाई बारटेंडर म्हणून त्यांचं नाव घेतात, नंतर त्यांनी शिकवण्याची शाळाही काढली. दिल्लीत तर कायद्यानंच बायकांना दारूच्या ठिकाणी कामाला बंदी होती. ते कलम रद्द करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2007 मध्ये कायम केला.

पैशाचं थोडक्यात सांगतो. टिप मिळते, पण ती बहुतेक ठिकाणी एका डब्यात जाते आणि वेटर, स्वयंपाकी, ग्लास धुणारा यांच्यात वाटली जाते. ते बरोबरच आहे. हंगामात ती पगाराइतकी वाटेल, पावसाळ्यात गोवा रिकामा झाला की चहाचा खर्च निघणार नाही. म्हणून घरी पाठवायची रक्कम पगारावरून ठरव, टिपवरून नाही. पगार बँकेत घे आणि पीएफ कापतात का ते विचार. कारण हा धंदा एका सरकारी कागदानं बंद होतो. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी झाली, नदीपलीकडचे बार एका रात्रीत कुलपात गेले. तिथं काम करणारी पोरं नागपूरला पळाली, कोणी शेतात गेली. 2021 मध्ये बंदी उठली, तोवर बरेच जण दुसरं काही करत होते. मध्येच 2017 मध्ये हायवेपासून 500 मीटरची अट आली, मग 2020 चं लॉकडाऊन. तेव्हा काउंटरवर असतानाच कॉफीचं मशीन शिकून घे, किचनमध्ये जाऊन दोन गोष्टी शिक, स्टॉकचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवता येईल असं बघ. इंग्रजी आपोआप येईल, थोडी रशियनही.

गोव्यात एक शिकण्यासारखं आहे. तिथं काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात पहिल्या धारेचा उर्राक येतो, तो लिमका, मीठ आणि मिरची घालून देतात, आणि लोक त्याच्यासाठी वर्षभर वाट पाहतात. घरामागच्या भट्टीतली ती वस्तू काचेच्या ग्लासात घालून आता शहरात मानानं विकली जाते. आपल्या मोहाचंही हळूहळू तसंच चाललंय. मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूला वारसा दारू म्हणून मान्यता दिली आहे. तुला मोहफुलाचा वास, हंगाम, वाळवण लहानपणापासून ठाऊक आहे, शहरातल्या पोरांना ते पुस्तकातून शिकावं लागतं. कोणी विचारलं तर ते सांगायला लाजू नकोस. तुझ्या आजीनं पहाटे वेचलेली फुलं ही तिथं माहिती आहे, गावंढळपणा नाही.

आणि आता ज्याची तुझ्या मायला खरी भीती आहे ते. बारवर काम करणारा ड्यूटीवर बिघडत नाही, ड्यूटी संपल्यावर बिघडतो. रात्री दीड-दोनला शटर पडतं, अंग दुखत असतं, झोप येत नाही, खोलीवर चार सहकारी बाटली काढून बसतात. पहिला महिना तू नाही म्हणशील, दुसऱ्यात एक घेशील. माझ्याबरोबरचे जे गेले ते असेच गेले, ग्राहकाच्या ग्लासातून कोणी गेलं नाही. म्हणून शटर पडल्यावर आधी जेव. पोटभर, गरम. हॉटेलात जेवण मिळत असेल तर तिथंच जेव. मग आंघोळ कर आणि झोप. पिणाऱ्यांच्या खोलीत राहणं टळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन टाळ. काही घ्यायचंच झालं तर सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशानं, आणि ज्या बारमध्ये काम करतोस तिथं नाही. हाताला कापरं सुटतंय किंवा सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचाच येतोय, असं एकदा जरी झालं तर मला फोन कर. मी बोलणार नाही, तिकीट काढून देईन.

घरी येताना बाटली आणायची नाही, कोणासाठीही नाही. दोस्त मागतील, सरपंच मागेल, मामाचा साडू तर नक्की मागेल. गोव्याची दारू फक्त गोव्यात विकायला असते, सावंतवाडीकडे इन्सुलीच्या नाक्यावर बॅगा उघडतात. तिथून सुटलास तरी वडसा स्टेशनावर उतरलास की तू बंदीच्या जिल्ह्यात आहेस, आणि बॅगेत एक बाटली सापडली तर दारूबंदी कायद्यानं गुन्हा तुझ्यावरच. काजूगर आण, अर्धा किलो पुरे. आमसुलं आण, तुझ्या मामीला सोलकढी शिकायची आहे.